साखरेवरचा चहा

रिपोर्टमध्ये एकच आकडा ठळक छापला होता. एचबीएवनसी ६.१. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती, त्याचा हा हिशेब. ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ किंवा त्यावर गेला तर मधुमेह, आणि मधल्या पट्ट्यातल्या माणसांना डॉक्टर प्री-डायबेटिक म्हणतात. मी त्या पट्ट्याच्या मधोमध उभी होते. डॉक्टरांनी वजन पाहिलं, चालणं किती होतं ते विचारलं, घरात कुणाला मधुमेह आहे का ते विचारलं. वडिलांना होता, आत्याला आहे. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "चहा किती होतो दिवसातून?"

"सहा कप."

"साखर?"

"दोन चमचे. प्रत्येक कपात."

त्यांनी समोरच्या कागदावर ६ × २ असं लिहिलं, खाली एक रेघ ओढली, आणि उत्तराची जागा रिकामी ठेवून कागद माझ्याकडे सरकवला.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला. चमचा सपाट भरला तर साखर ४ ग्रॅमच्या आसपास भरते. पण मी सपाट चमचा कधी घालतच नव्हते. रोज घालते तशीच, शीग लावलेली, चमच्यामागून चमचा करत बारा चमचे साखर वाटीत ओतली. काटा ६२ वर जाऊन थांबला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक बरं. २००० कॅलरींचा आहार धरला तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात, आणि त्यात दिवसभराचं सगळं गोडधोड आलं. माझा नुसता चहाच ५० च्या पुढे गेला होता. वर्षाचा हिशेब केला तर साडेबावीस किलो. ती वाटी मी बराच वेळ ओट्यावर तशीच ठेवली होती. साखर वाटीत पाहिली की किती दिसते, आणि कपात विरघळली की काहीच दिसत नाही.

त्याच रात्री आत्याचा फोन आला. रिपोर्टचं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, घाबरू नकोस. तो हिरवा चहा सुरू कर. साखरेवर फार चांगला असतो म्हणे."

खोकल्यावरचं औषध, तापावरचं औषध, तसा हा साखरेवरचा चहा. एकाच दिवसात एकाच पेयाविषयी दोन माणसांनी दोन गोष्टी मला सांगितल्या होत्या, आणि दोघंही माझ्या भल्यासाठीच बोलत होते. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. एक गोष्ट आधीच सांगते. मला चहा मनापासून आवडतो. सकाळचं आधण उकळतं त्या आवाजाने माझा दिवस सुरू होतो. चहाच्या बाजूने काही चांगलं वाचलं की मला आनंद व्हायचा, आणि तो झाला की तोच परिच्छेद मी पुन्हा एकदा वाचायचे, या वेळी जरा संशयाने.

सुरुवात पानापासून केली. हिरवा, काळा, पांढरा, उलाँग हे सगळे चहा एकाच झाडाचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर त्याचं काय केलं यामुळे. पान चुरगाळलं की त्यातले रस हवेला भिडतात आणि ते तांबूस-काळं पडत जातं, चिरून ठेवलेलं सफरचंद पडतं तसं. हिरव्या चहाची पानं लगेच वाफवून किंवा भाजून ही क्रिया थांबवतात, उलाँगची अर्ध्या वाटेवर थांबवतात, आणि काळ्या चहाची पूर्ण होऊ देतात. कोवळ्या पानात कॅटेचिन नावाची संयुगं भरपूर असतात. त्यांतल्या सगळ्यांत जास्त अभ्यासलेल्या संयुगाचं नाव एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, थोडक्यात ईजीसीजी. हिरव्या चहात ही कॅटेचिनं बरीचशी जशीच्या तशी राहतात. काळ्या चहात ती एकमेकांशी जोडली जाऊन थिआफ्लेविन आणि थिअरुबिजिन तयार होतात. चहाचा तांबडा रंग यांच्यामुळेच येतो. जिभेवर जो तुरटपणा राहतो, तोही याच कुळातल्या संयुगांचा.

या संयुगांचा साखरेशी संबंध काय? एक तर, पिष्टमय अन्नाचे तुकडे करून त्याची साखर बनवणारी जी एन्झाइम्स आपल्या पोटात असतात, अमायलेज आणि ग्लुकोसिडेज, त्यांचं काम ही संयुगं परीक्षानळीत मंदावतात. मधुमेहावरचं अकारबोज नावाचं औषध याच वाटेने जातं. दुसरं असं, की इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं, काम ती सोपं करतात, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. २००२ साली अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी उंदरांच्या चरबीच्या पेशींवर चहा वापरून पाहिला, तर इन्सुलिनची क्रिया पंधरा पटींहून जास्त वाढलेली आढळली. मी हे वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसले. पंधरा पट! पुढच्या ओळीत दूध आलं. कपात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम दूध घातलं तर हा परिणाम एक तृतीयांशाने कमी झाला, आणि ५० ग्रॅम घातलं तर ९० टक्के नाहीसा झाला. दुधातली प्रथिनं चहातल्या संयुगांना धरून ठेवत असावीत. त्या वेळी माझ्या हातात जो कप होता त्यात अर्धं दूधच होतं.

पण बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा. बशीत चहा थेट पेशींवर ओतता येतो. आपण पितो तेव्हा त्यातली कॅटेचिनं रक्तात फार थोडी उतरतात, बाकीची मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तिथले जिवाणू त्यांचं रूप पालटून टाकतात. त्यामुळे पंधरा पटींचा तो आकडा मी वहीत लिहिला आणि त्याच्यापुढे ‘उंदराच्या पेशी’ असंही लिहून ठेवलं. चहाविषयीच्या निम्म्याहून अधिक आरोळ्या हे दोन शब्द गाळल्यामुळे उठतात, असं माझं मत झालं आहे.

मग माणसांवरच्या अभ्यासांकडे वळले. २००६ साली जपानमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७,४१३ माणसं, वय ४० ते ६५, पाच वर्षांचा काळ. दिवसाला सहा किंवा त्याहून जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये, आठवड्याला एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, मधुमेह होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी होतं. काळ्या आणि उलाँग चहाचा मात्र तसा काही संबंध दिसला नाही. २०२२ साली स्टॉकहोममध्ये भरलेल्या युरोपीय मधुमेह परिषदेत चिनी संशोधकांनी आठ देशांतले १९ अभ्यास एकत्र करून मांडले. एकूण माणसं दहा लाखांहून जास्त. चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांमध्ये सरासरी दहा वर्षांत टाइप २ मधुमेहाचा धोका १७ टक्क्यांनी कमी होता. एक ते तीन कपांवर फरक अगदी किरकोळ. याच संशोधकांनी चीनमधल्या ५,१९९ प्रौढांची माहिती स्वतंत्रपणे तपासली होती, आणि तिच्यात चहा पिणारे आणि न पिणारे यांत काहीच फरक आढळला नव्हता. तेही त्यांनी त्याच व्यासपीठावरून सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं.

आणि मग शांघाय. २०१८ साली तिथल्या जवळजवळ १ लाख २० हजार स्त्री-पुरुषांचा अभ्यास आला, आणि त्यात हिरवा चहा पिणाऱ्यांमध्ये मधुमेह २० टक्क्यांनी जास्त निघाला. चुकून नव्हे, बायकांमध्येही आणि पुरुषांमध्येही.

तेच झाड, तेच पान. एका ठिकाणी धोका कमी आणि दुसरीकडे जास्त. हे वाचून काही दिवस मी वही बाजूला ठेवली. नंतर हळूहळू लक्षात आलं, की हे अभ्यास चहाचा अभ्यास करत नाहीत, चहा पिणाऱ्या माणसांचा करतात. दिवसाला सहा कप हिरवा चहा पिणारा माणूस बहुधा ते सहा कप बिनसाखरेचे पितो. तहान लागली की तो थंड गोड पेयाकडे वळत नाही, कारण त्याच्या हातात आधीच कप असतो. तो किती चालतो, काय खातो, सिगारेट ओढतो का, कसली नोकरी करतो, हे सगळं त्या कपाला चिकटून येतं. संशोधक गणिताने ते बाजूला काढायचा प्रयत्न करतात, पण सगळं निघत नाही. उलटही होऊ शकतं. वजन वाढलं, साखर काठावर आली, म्हणून कुणी हिरवा चहा सुरू करतो. पुढे त्याला मधुमेह झाला तर कागदावर दिसतं ते इतकंच, की चहा पिणाऱ्याला मधुमेह झाला. आत्याचं ऐकून मी त्याच रात्री हिरवा चहा सुरू केला असता, तर कुठल्या तरी तक्त्यात मीही अशीच जाऊन बसले असते.

याला उपाय म्हणजे माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला चहा द्यायचा आणि दुसऱ्याला नाही. असे प्रयोग झाले आहेत. २००३ साली तैवानमध्ये टाइप २ मधुमेहाच्या २० रुग्णांना चार आठवडे रोज दीड लिटर उलाँग दिला. त्यांची औषधं चालूच होती. रक्तातली साखर सरासरी २२९ वरून १६२ वर आली. औषधाच्या कंपनीने स्वप्नात पाहावा असा आकडा! पण माणसं फक्त वीस. चार वर्षांनी आलेल्या दुसऱ्या प्रयोगात ४९ रुग्णांना तीन महिने हिरव्या-काळ्या चहाचा अर्क कॅप्सूलमधून दिला, आणि एचबीएवनसीमध्ये काही सुधारणा झाली नाही. २०२० साली हिरव्या चहाचे असे २७ प्रयोग, एकूण २,१९४ माणसं, एकत्र तपासली गेली. उपाशीपोटीच्या साखरेत घट झाली होती, आणि ती खरी होती, योगायोगाची नव्हती. किती? दर डेसिलिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास. एचबीएवनसी आणि इन्सुलिन जागच्या जागी.

दीड मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मला माझ्या टेबलावरच्या यंत्राने समजावलं.

मी ग्लुकोमीटर घेतला होता. डॉक्टरांना विचारून पंधरा दिवस एक छोटासा खटाटोप केला. सकाळी उठल्यावर बोट टोचायचं, आकडा लिहायचा, एक कप चहा प्यायचा, त्यासोबत काहीही खायचं नाही, आणि पाऊण तासाने पुन्हा टोचायचं. तीन प्रकार आलटून-पालटून केले. दूध आणि दोन चमचे साखर घातलेला, नुसतं दूध घातलेला, आणि कोरा. साखरेच्या दिवशी १०८ चे १३९ झाले, दुसऱ्यांदा १०५ चे १३६. नुसत्या दुधाच्या दिवशी १०८ चे ११५. कोऱ्या चहाच्या दिवशी १०७ चे १०५. त्या १०५ ने मला मोह पाडला होता. चहाने साखर दोनने उतरवली, असं म्हणून टाकावंसं वाटलं. मग यंत्राच्या डबीतला बारीक अक्षरांतला कागद वाचला. घरगुती ग्लुकोमीटरला प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होण्याची मुभा असते. १०७ आणि १०५ म्हणजे त्या यंत्राच्या लेखी एकच आकडा. पानाचा परिणाम असलाच तर तो माझ्या यंत्राला दिसणार नव्हता. साखरेचा परिणाम मात्र यंत्र चुकलं असतं तरी दिसला असता.

इथे माझ्या मनातला गुंता सुटायला लागला. चहा काय करतो, हा प्रश्न मी धरून बसले होते. चहा कशाच्या जागी येतो, हे विचारलं तर अभ्यासही एकमेकांशी बोलायला लागतात. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी सात दिवस आपलं खाणंपिणं वहीत लिहून ठेवलं आणि पुढे सुमारे अकरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०१५ साली निष्कर्ष आले. रोजचं एक गोड शीतपेय काढून त्या जागी पाणी किंवा बिनसाखरेचा चहा-कॉफी घेतली, तर मधुमेहाचा धोका १४ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज निघाला. साखर घातलेल्या दुधाच्या पेयांच्या जागी घेतली तर २० ते २५ टक्क्यांनी.

आणि ज्यांना मधुमेह आधीच झाला आहे त्यांचं काय? २०२३ साली अमेरिकेतल्या अशा १५,४८६ माणसांचा अभ्यास आला. साडेअठरा वर्षांचा काळ, आणि तेवढ्यात त्यांतले जवळपास निम्मे लोक मरण पावले होते. सगळ्यांत जास्त चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, सगळ्यांत कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, २१ टक्क्यांनी कमी होतं. कॉफीचं २६. गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये २० टक्क्यांनी जास्त. आणि त्या यादीत एक ओळ अशी होती, जी बातम्यांमध्ये मला कुठेच दिसली नाही. साधं पाणी : २३ टक्क्यांनी कमी. पाण्यात कॅटेचिन नसतं, थिआफ्लेविन नसतं, ईजीसीजी नसतं. तरी ते चहाच्या शेजारीच उभं होतं. हा अभ्यासही पिणाऱ्यांचाच आहे, त्याला वरच्या सगळ्या मर्यादा लागू आहेत. पण चहा आणि पाणी यांत समान काय, हे कुणीही सांगू शकेल. दोन्हींत साखर नाही.

हे पटल्यावर उरलं ते माझ्या कपातलं काम. साखर एकदम बंद करून मी आधी एकदा हरले होते, चार दिवसांत. या वेळी वाटीतल्या साखरेऐवजी वेळ मोजला. पहिले दोन आठवडे फक्त शीग काढली. चमचे तेच, पण सुरीच्या पाठीने सपाट केलेले. मग दीड, मग एक. एकावरून अर्ध्यावर येणं सगळ्यांत कठीण गेलं, का ते मला सांगता येणार नाही. अर्ध्यावर महिनाभर थांबले. मधल्या काळात सहा कपांचे चार झाले, कारण त्यांतले दोन मी तल्लफ म्हणून नाही, गोडासाठी पीत होते, हे साखर कमी झाल्यावर कळलं. दूधही कमी होत गेलं. कुणी मध घाल म्हणालं, कुणी तांबूस साखर. रक्तात गेल्यावर या सगळ्या सख्ख्या बहिणी आहेत.

आणि एका सकाळी मी काचेच्या ग्लासात कोरा चहा केला. मोठ्या पानांचा, पाणी उकळून जरा निवल्यावर ओतलेला. आधी पानं वर तरंगत राहिली. मग एकेक करून खाली उतरायला लागली, आणि उतरताना उलगडत गेली. सुरकुतलेली दोरी वाटत होती तिचं दांड्यासकट अख्खं पान झालं, त्याच्या कडेचे बारीक दाते दिसायला लागले. पाण्यात पिवळसर रंग धुरासारखा पसरत होता. पहिला घोट तुरट, दुसराही तुरट, आणि तिसऱ्या-चौथ्यानंतर जिभेच्या मुळाशी एक हलकी गोडी आली. इतकी वर्षं दोन चमचे साखरेखाली ती दबून राहिली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण काहीतरी सोडत नाही आहोत.

हे इतक्या खोलात लिहायचं कारण आत्या आहे.

आत्याला मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. रक्तातली साखर उतरवणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. मी माझ्या वह्या भरत होते त्याच काळात तिने एका जाहिरातीवरून ‘मधुमेहाचा चहा’ मागवला. पाकिटावर पानांचं चित्र आणि ‘गोळ्यांपासून मुक्ती’ असे शब्द. पहिल्या आठवड्यात तिला हलकं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात तिने गोळ्या बंद केल्या. कुणालाच सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आम्ही ओरडलो असतो म्हणून. अडीच महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा तपासणी झाली. उपाशीपोटी २८६.

मी गेले तेव्हा ती पलंगावर पाय उशीवर ठेवून बसली होती. मला राग आला होता, पण तो त्या पाकिटावर, तिच्यावर नव्हे. अजूनही आहे. चौदा वर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसाला एकच शब्द विकायला पुरतो, ‘मुक्ती’, आणि तो छापणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

"आत्या, गोळी का गं बंद केलीस?"

"झाडपाल्याचं होतं गं. मला वाटलं, गोळीपेक्षा बरं. गोळी म्हणजे शेवटी केमिकल."

मग मी तिला मेटफॉर्मिनची गोष्ट सांगितली. गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती आहे. तिच्यात ग्वानिडिनच्या जातीची द्रव्यं सापडली, आणि ती रक्तातली साखर उतरवतात हे लक्षात आलं. पण ती विषारीही होती, जास्त खाल्ली तर जनावरं दगावायची. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत बनलं, आणि १९५७ साली ज्यां स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्ये पस्तीस वर्षं. झाडातली कल्पना घेतली, विष वगळलं, मात्रा ठरवली, आणि मग ती गोळी झाली.

आत्या गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे ही गोळीपण झाडपाल्याचीच म्हण की."

जखम भरायला दोन महिने लागले. अंगठा वाचला. इन्सुलिन काही दिवस घ्यावं लागलं, मग गोळ्यांवर परत आली.

त्या निमित्ताने मी चहाच्या अर्काच्या कॅप्सूलांबद्दलही वाचलं, कारण पुढची जाहिरात त्यांचीच येणार हे दिसत होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं आहे, की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसू लागतात. नेहमीच्या पद्धतीने चहा पिणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. ते कपातून, पाण्यासोबत, दिवसभर विभागून जातं. कॅप्सूल ते एका घोटात उतरवते. पानाचं जे काही भलं आहे ते कपातच राहू द्यावं. आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांच्यासाठी, तर या सगळ्या चर्चेत इन्सुलिनला पर्याय नाही, एक घोटाचाही नाही.

आत्यासाठी आणखी दोन गोष्टी शोधाव्या लागल्या. जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. १९९९ साली झालेल्या एका अभ्यासात काळ्या चहाने ते ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी पडण्याची शक्यता आधीच असते, त्यात लोहही कमी नको. म्हणून तिचा चहा आता जेवणानंतर तास-दीड तासाने. दुसरी गोष्ट झोपेची. कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. १९९९ सालीच अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर साखर पचवण्याची त्यांची ताकद स्पष्टपणे घटली. रात्री नऊच्या चहाने उडालेली झोप सकाळच्या साखरेत दिसते, हे मी माझ्या वहीतही पाहिलं आहे. आमच्या दोघींचा शेवटचा चहा आता चार वाजता.

माझा पुढचा एचबीएवनसी आठ महिन्यांनी आला, ५.८. पट्टा अजून ओलांडलेला नाही, पण त्याच्या काठाशी आहे. हे चहामुळे झालं असं मी कुणाला सांगत नाही, कारण त्याच आठ महिन्यांत मी रोज चाळीस मिनिटं चालले आणि वजन चार किलोंनी उतरलं. अमेरिकेतल्या, २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, माझ्यासारख्या काठावरच्या माणसांना आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करायला लावलं होतं. त्यांच्यात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. त्यापुढे पानाचं काम लहान आहे. पण चालून आल्यावर ओट्याशी उभं राहून मी जो कप भरते, तो रिकामा असता तर त्या जागी दुसरं काहीतरी आलं असतं, आणि ते काय असतं हे माझ्या वजनकाट्याने मला दाखवलं आहे.

परवा दुपारी आत्या आली होती. गोळ्यांची डबी पर्समध्ये, सात कप्प्यांची, त्या दिवसाचा कप्पा रिकामा. मला न विचारता तिने ती उघडून दाखवली. मी चहा टाकला. तिच्यासाठी अर्धा चमचा साखर घालू लागले तर म्हणाली, "थांब, आज नको घालूस." कप हातात घेऊन ती खिडकीशी बसली, एक घोट घेतला, आणि डोळे बारीक केले.

"अजून कडूच लागतो गं."

"घालू का पाव चमचा?"

तिने हाताने नको म्हटलं आणि दुसरा घोट घेतला.